गळा सुजला, रात्र गेली



आज गुरांच्या दवाखान्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे, मास्तर. पण गोठ्यात चुकलो, ते तुम्हाला सांगतो.

आमच्याकडे एक दुभती म्हैस होती. पावसाळ्यापूर्वी गावात घटसर्पाची लस टोचायला माणसे आली. लस टोचली की दूध कमी होते, असे आम्ही ऐकले होते. आम्ही म्हैस गोठ्याबाहेर काढलीच नाही. शाळेत मात्र मुलांना लसीचा धडा शिकवत होतो!

आषाढात एका संध्याकाळी तिने वैरण सोडली. अंग तापले. गळा सुजला. घशात घरघर लागली. शेजारी म्हणाले, "गळ्याला डाग द्या, सूज उतरेल." आम्ही डाग दिला. दवाखान्यात सकाळी जाऊ म्हटले. पहाटे म्हैस गेली.

हाच घटसर्प. पाऊस सुरू झाला की तो येतो. गाईंपेक्षा म्हशींना जास्त होतो. पुष्कळदा एका दिवसात जनावर जाते. रोगाचे जंतू रक्तात असतात. वरून कातडी भाजून ते कसे मरतील? ताप चढताच इंजेक्शन मिळाले, तरच आशा असते.

म्हणून जनावराने रवंथ सोडली की दवाखाना गाठावा. ते चालत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा. जनावर पाहणाऱ्या माणसानेच बरोबर जावे. डॉक्टर विचारतात, कधीपासून खात नाही? शेण कसे पडते? गाभण आहे का? घरी काय औषध दिले? डाग दिला असेल तर तेही सांगावे. लाजू नये.

मग जनावर खोड्यात उभे करतात. शेपटीखाली गुदद्वारात थर्मामीटर लावतात. माणसाला १०१ अंश म्हणजे ताप. गाईला तो ताप नव्हे. तिचे अंग १०१ ते १०२ अंश असतेच. हाताला गरम लागले म्हणून ताप आहे, असे धरू नये.

एक सांगायचे राहिले. ज्याला गिळता येत नाही, त्याला नळीने काही पाजू नये. औषध फुफ्फुसात उतरते. लाळ गळत असेल तर तोंडात हात घालू नये. पिसाळलेले कुत्रे चावलेले असू शकते. इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध घरात घेऊ नये, डेअरीलाही घालू नये.

लसीने काय होते, असे कुणी विचारतात. बुळकांडी रोगाने पूर्वी गोठेच्या गोठे ओस पडत. लस टोचून टोचून तो रोग हटवला. २०११ साली तो साऱ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. घटसर्प अजून आहे. त्याची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते.

त्या म्हशीची रेडी मागे राहिली होती. शेजारच्या बाईंनी आपल्या म्हशीचे दूध देऊन ती जगवली. आता ती दुभती आहे. गेल्या मे महिन्यात तिला लस टोचली. दोन दिवस अर्धा लिटर दूध कमी आले. तिसऱ्या दिवशी भांडे पुन्हा भरले.

आता कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा.