खाट रिकामी का आहे?

आजपासून नावाआधी ‘डॉक्टर’ लावणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो,

मनापासून अभिनंदन! आजचा दिवस पेढे वाटण्याचा. तरीही मी एका रिकाम्या खाटेची गोष्ट सांगणार आहे, कारण ती आपल्याच घरातली आहे.

जून 2020. भुसावळची 82 वर्षांची एक कोरोनाग्रस्त आजी आपल्या जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झाली. आठवडा उलटल्यावर, 10 जूनला, तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. साथ भयंकर होती, सगळेच धास्तावलेले होते, हे मान्य. पण ‘ही खाट रिकामी का?’ हे विचारायला ना व्हेंटिलेटर लागतो ना एमडीची पदवी. उत्तर सापडेपर्यंत तो प्रश्न कुणी लावून धरला नाही.

त्याआधी मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. तिथे न्यूरोसर्जन नव्हता. तसं सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्या मारहाणीचं समर्थन होऊच शकत नाही. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा तेव्हा सात वर्षांचा झाला होता. तो त्या रात्री त्या निवासी डॉक्टरच्या मदतीला धावला नाही. कायदा बहुधा पंचनाम्याच्या वेळी पोहोचतो.

तो उशिरा पोहोचतो म्हणून कायद्याला कमी लेखू नका, पण त्याला घाबरूनही राहू नका. निर्णय चुकला एवढ्यावरून डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही, फौजदारी खटल्याला घोर निष्काळजीपणा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केलं. त्याच न्यायालयाने 1968 मध्ये, पुण्यात उपचार झालेल्या एका तरुणाच्या मृत्यूच्या खटल्यात, डॉक्टरांची तीन कर्तव्यं सांगितली होती. रुग्ण हाती घ्यावा का, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही पायऱ्यांवर काळजी हवी. यश द्याच, असं न्यायालय म्हणत नाही. काळजी घ्या, असं म्हणतं.

ही काळजी दिसते कशी? रात्रीचे दोन वाजलेत. साक्रीकडच्या पाड्यावरून आलेला बाप विचारतो, “डाक्टर, मना पोऱ्याले काय व्हयनं?” तुमच्या हातात संमतीपत्र आहे, बाजूला शाईचा पॅड. अंगठा उमटवून घ्यायला दहा सेकंद लागतात. आजार काय, शस्त्रक्रिया का, धोका कोणता, दुसरा मार्ग आहे का, हे त्याला कळेल अशा बोलीत सांगायला दहा मिनिटं लागतात. 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात न्यायालयाने खरी संमती म्हणजे काय हे सांगितलं, ते या दहा मिनिटांबद्दलच आहे. अहिराणी येत नसेल तर परिचारिकेला, वॉर्डबॉयला मध्ये घ्या. त्यात कमीपणा नाही.

नोंदीचंही तसंच. केसपेपरवर पाहिलं तेच लिहा, पाहिलं तेव्हाच लिहा. रुग्णाने नोंदी मागितल्या तर 72 तासांत द्याव्या लागतात, असा वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमावलीचा दंडक आहे. मागाहून सारवासारव केलेला केसपेपर कोर्टात तुमच्याच विरुद्ध साक्ष देतो.

आणखी एक, आणि हे जळगावकर म्हणून ऐका. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 842 मुली होत्या. हा आकडा निसर्गाने केलेला नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये आपल्याच राज्याने केला. तरीही सोनोग्राफीचं यंत्र चालवणारे हात शिकलेलेच होते. उद्या कुणी नात्यातलं, गावातलं, ‘फक्त सांगा’ म्हणेल. तेव्हा नकार देताना आवाज बारीक करू नका.

मित्रांनो, पदवीची फ्रेम भिंतीवर लागेल. पण उद्या रात्री राउंडला निघाल, तेव्हा प्रत्येक खाटेपाशी थांबा. एखादी रिकामी दिसली, तर उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या खाटेकडे जाऊ नका.