बालवीरांची छावणी : जुन्या दिवसांच्या कांहीं आठवणी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त जवळा बाजार येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या शुभ प्रसंगीं दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, ती आम्हीं आनंदानें शिरसावंद्य मानिली. चर्च कसें उभें राहिलें, शाळा कशी वाढली, हा इतिहास आमच्याहून जाणते वक्ते आपणांस सांगतील. आमच्या वांट्यास आली आहे ती एक लहानशी गोष्ट : आमच्या बालवीर पथकाची आणि त्याच्या उन्हाळी छावणीची. आज सारेजण स्काऊट हाच शब्द वापरतात. पण आमचे गुरुजी बालवीर म्हणत, आणि आमच्या जिभेवर तोच शब्द बसला आहे, त्याला आतां इलाज नाहीं. आणखी एक खुलासा. आम्ही 'आम्ही' असें म्हणतों तें मोठेपणासाठीं नव्हे. त्या पथकांतले जे पांच-सहाजण अजून ह्या पंचक्रोशींत हिंडतेफिरते आहेत, त्यांनीं एकत्र बसून ह्या आठवणी जुळविल्या आहेत. एकाची स्मृति अडखळली तेथें दुसऱ्यानें हात दिला आहे.

मुलांस ठाऊक असावें म्हणून ह्या चळवळीचा उगम थोडक्यांत सांगतों. लॉर्ड बेडन-पॉवेल हे ब्रिटिश सैन्यांतील अधिकारी. १८७६ सालीं ते प्रथम हिंदुस्थानांत आले व लखनौ येथें आपल्या पलटणींत रुजू झाले. पुढें दक्षिण आफ्रिकेंत माफेकिंग गांवास २१७ दिवस वेढा पडला, तेव्हां निरोप पोंचविण्याचीं कामें गांवच्या मुलांनीं किती चोख केलीं हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. १९०७ च्या ऑगस्टांत इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर त्यांनीं सुमारें वीस मुलांची पहिली छावणी भरविली. त्यांत कांहीं मुलें धनिकांच्या शाळांतलीं होतीं व कांहीं कामकऱ्यांच्या घरचीं. हें मुद्दाम ध्यानांत ठेवावें, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे.

आपल्या देशांत १९०९ पासून पथकें निघालीं, परंतु तीं गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीं. देशी मुलांस तें द्वार उघडण्यासाठीं डॉ. ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू ह्यांनीं खटपट केली. आणि शेजारच्या मध्यप्रांतांत व्हिव्हियन बोस ह्यांनीं, जे १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. निरनिराळ्या संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजीं एक होऊन आजची भारत स्काऊट्स संस्था झाली व पुढच्या वर्षीं गाईड मुलीही तींत आल्या. आपल्या ख्रिस्तसभेंतही ह्या कार्याचा मान आहे. फ्रान्समध्यें येशूसंघाचे फादर जाक सेव्हँ ह्यांनीं १९२० सालीं कॅथॉलिक बालवीरांची संघटना उभारण्यांत पुढाकार घेतला, आणि २०१२ सालीं पवित्र पीठानें त्यांस 'आदरणीय' ही पदवी दिली.

आपला गांव त्या काळीं निजामांच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होता. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं, म्हणजे आमच्या दृष्टीनें कालपरवां. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्यें भारतांत विलीन झालें, आणि १९५३ सालीं नव्या अखिल भारतीय संस्थेचा पहिला राष्ट्रीय मेळावा हैदराबादेसच भरला. हैदराबाद तेव्हां आमच्या वडिलांची राजधानी होती; १९५६ नंतर ती मुंबई झाली. आमचे गुरुजी त्या मेळाव्याच्या गोष्टी अशा रंगवून सांगत कीं ते स्वतः तेथें गेले होते कीं नाहीं हें विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं.

आमचें पथक चाललें तें १९७० च्या आगेंमागें. चोवीस-पंचवीस मुलें, त्यांचे तीन संघ, प्रत्येक संघाचा एक नायक. एका संघांत आठांहून अधिक मुलें घेऊं नयेत असा गुरुजींचा कटाक्ष असे, कारण आठांपुढें नायकाचा आवाज पोंचत नाहीं, असें ते म्हणत. गणवेश सर्वांपाशीं नव्हता. गळ्यांतला रुमाल मात्र प्रत्येकाचा होता, आणि तो रविवारीं मिस्सेला येतांनाही आम्ही काढीत नसूं. फादर हंसत, पण रागावले नाहींत. डाव्या हातानें हस्तांदोलन करण्याची बालवीरांची रीत गांवांतल्या वडीलधाऱ्यांस फार खटके, आणि आम्हांस तेवढ्यासाठींच ती अधिक प्रिय होती.

रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन हीं गांठींचीं नांवें आम्हांस इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकाआधीं पाठ झालीं. क्लोव्ह हिच शिकवितांना गुरुजींनीं मोठ्या ऐटीनें दोर खांबास फिरविला, तोंच मागून एकजण म्हणाला, "गुरुजी, ही तर आमचे आजोबा बैल बांधायला मारतात तीच गांठ!" गुरुजींनीं त्या दिवसापासून गांठींचा तास त्या मुलाकडे सोंपविला.

मागच्या खुणा लावीत जाणें हा आमचा आवडता खेळ होता. दगडावर दगड ठेविला म्हणजे हीच वाट. गवताची जुडी वांकविली म्हणजे तिकडे वळा. आणि वर्तुळांत एक ठिपका म्हणजे 'मी घरीं गेलों'. बेडन-पॉवेल ८ जानेवारी १९४१ रोजीं केनियांत न्येरी येथें वारले. त्यांच्या थडग्यावर हीच वर्तुळ-ठिपक्याची खूण कोरलेली आहे. गुरुजींनीं हें सांगितलें तेव्हां नेहमीं दंगा करणारीं मुलेंही क्षणभर गप्प झालीं.

छावणी भरे ती मे महिन्यांत, गांवाबाहेरच्या एका आमराईंत. दहा दिवसांची. तंबू थोडे, म्हणून निम्मे जण झाडाखालींच निजत. पहाटे शिट्टी, मग झेंडा, मग पाहणी. अंथरुणाची घडी वांकडी असेल तर संघाचे गुण जात. पहिल्या दिवशींचें पहिलें काम तंबू ठोकण्याचें नसून चर खणण्याचें असे. शौचासाठीं लांब अरुंद चर खणावा, त्याची माती शेजारीं ठेवावी, आणि प्रत्येकानें जातांना वर माती लोटावी, असा नियम होता. हंसूं नका मुलांनो. त्या काळीं अर्ध्या गांवास जें ठाऊक नव्हतें तें आम्ही दहा-बारा वर्षांचीं पोरें दर उन्हाळ्यांत करीत होतों, आणि छावणींत कधीं हगवणीची सांथ आली नाहीं.

स्वयंपाक संघानें आपला आपण करावयाचा. शिधा प्रत्येकाच्या घरचा : ज्वारीचें पीठ, तुरीची डाळ, तिखटमीठ. तीन दगडांची चूल, वाऱ्याकडे तोंड. पिठलें जमे, भाकरी जमत नसे. तिचे नकाशे होत. रात्रीं शेकोटी. तेथें नकला, भारुडें, आणि शेवटीं सर्वधर्मप्रार्थना. आमच्या संघांत ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान, बौद्ध अशीं सारीं मुलें होतीं. प्रत्येकानें आपली प्रार्थना म्हणावी व इतरांनीं डोळे मिटून उभें राहावें. एखाद्याची लांबली तर डोळे किलकिले होत, एवढेंच.

एके वर्षीं आम्ही औंढ्यास पदयात्रा काढिली. नागनाथाच्या देवळाच्या भिंतींवरचें कोरीव काम पाहून आम्ही थक्क झालों. पण गुरुजींनीं काम दिलें तें शिखराची उंची काढण्याचें. हातांतली काठी उन्हांत उभी धरावी, तिची सावली मोजावी, शिखराची सावली पावलांनीं मोजावी आणि त्रैराशिक मांडावें. तीन संघांचीं तीन उत्तरें आलीं. तेथला एक वृद्ध पुजारी हा सारा खटाटोप पाहत होता. त्यानें आम्हां सर्वांस ताक पाजलें.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती थोडी कठीण आहे.

आमच्या संघांत एक मुलगा गांवांतल्या मोठ्या घरचा होता. त्याचें नांव घेत नाहीं. १९७१ च्या छावणींत त्याच्या आईनें त्याला भाकऱ्यांचें वेगळें गांठोडें बांधून दिलें होतें आणि कोणाच्या हातचें खाऊं नये अशी शपथ घातली होती. कोणाच्या म्हणजे कोणाच्या, हें ह्या सभेंत फोडून सांगण्याची गरज नाहीं. दोन दिवस तो कडुलिंबाखालीं वेगळा बसून जेवला. गुरुजी एक शब्द बोलले नाहींत. आम्हांसही बोलूं दिलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं भाकऱ्यांस बुरा आला. तो आमच्या चुलीपाशीं येऊन बसला आणि मान खालीं घालून म्हणाला, "वाढा." आम्हीं वाढलें. त्यानें तें वेडेंवांकडें अन्न पोटभर खाल्लें. रात्रीं एवढेंच म्हणाला कीं घरीं सांगूं नका. आम्हीं सांगितलें नाहीं. तरी पुढच्या वर्षीं त्यास छावणीस धाडिलें नाहीं.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत सुमारें पन्नास लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. आमच्याकडेही पाझर तलावाचें काम निघालें. सरकारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी ह्यांवर घरें चाललीं. छावणी भरवावी कीं नाहीं असा प्रश्न पडला. शिधा आणावयाचा कोठून? आईबाप खडी फोडीत असतां मुलांनीं शेकोटीपाशीं गाणीं म्हणावीं, हें कित्येकांस रुचेना, आणि त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें. फादर व गुरुजी ह्यांनीं विचार करून ठरविलें कीं छावणी पांच दिवसांची भरवावी, पण आमराईंत नव्हे, तलावाच्या कामावरच. तेथें बालवीरांनीं पाणपोई घालावी व जखमा बांधाव्या.

पाणी बैलगाडीनें पिंपांतून येई. फडक्यानें गाळून, उकळून, रांजणांत भरून, ओल्या गोणपाटानें गुंडाळून आम्हीं ठेविलें. पहिल्या दिवशीं पुष्कळ लोक आले, पुष्कळ आले नाहींत. जे आले नाहींत त्यांनीं आपापलीं मडकीं आणिलीं होतीं. त्याच सुमारास डॉ. बाबा आढाव ह्यांनीं 'एक गांव, एक पाणवठा' ही चळवळ महाराष्ट्रांत चालविली होती. तिची वार्ता आमच्यापर्यंत आली नव्हती, आणि आमचे गुरुजी उपदेश करणारे नव्हते. ते म्हणाले, "रांजण भरलेला ठेवा. बाकी ऊन पाहून घेईल." दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत घरचीं मडकीं रिकामीं झालीं. रांगेंत तो मुलगा उभा होता. दुष्काळानें मोठ्या घरांचेंही मोठेपण ठेविलें नव्हतें. तो आईबरोबर माती वाहावयास आला होता. त्यानें ओंजळ पुढें केली नाहीं, आमच्या हातांतलें भांडेंच घेतलें, आणि सर्वांदेखत तोंड लावून प्याला. त्याची आई मागें उभी होती. ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनें तेंच भांडें मागितलें.

ह्या एका भांड्यानें गांव सुधारला असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानंतरचीं वर्षें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. १९७८ सालचे मराठवाड्यांतले दिवसही पाहिले आहेत. जें घडलें तेवढें सांगितलें.

चौथ्या दिवशीं एका बाईच्या पायावर दगड कोसळला. दोन काठ्या घेतल्या, तीन सदऱ्यांचीं बटणें लावून त्यांतून काठ्या ओंविल्या, आणि त्या झोळीवर तिला सडकेपर्यंत नेलें. तिकोनी पट्टी बांधण्याचा सराव आम्हीं शंभर वेळां एकमेकांवर केला होता. खऱ्या रक्तावर हात कांपले, पण गांठ सुटली नाहीं. तिची दोन बोटें गेलीं, पाय वांचला. ती पुढें पुष्कळ वर्षें आमच्यांतल्या एकाला 'डागदर' म्हणून हांक मारी. त्यानें जन्मभर शेतीच केली.

पथक पुढें गुरुजींच्या बदलीबरोबर मोडलें. एका माणसावर उभें असलेलें काम तो माणूस गेल्यावर खालीं बसतें, ह्यांत नवल तें काय? त्यानंतर दोन वेळां सुरुवात झाली, दोन्ही वेळां गणवेश शिवून झाले आणि छावणी झाली नाहीं. आमच्या मतें हें उलटें झालें. आधीं चर खणावा, मग सदरे शिवावेत.

आज मुलांना उन्हाळ्यांत शिकवण्या आहेत, मोबाइल आहे, आणि गांवांत घरोघर नळ आहे. त्याबद्दल तक्रार नाहीं. आम्हीं वाहिलेल्या पाण्याचा भार आमच्या नातवंडांनीं वाहावा अशी आमची मुळींच इच्छा नाहीं. पण परवां आम्हीं शाळेपुढें उभीं असलेलीं दहा मुलें पाहून विचारलें कीं तुम्हांपैकीं कोणी दुसऱ्याच्या घरचें जेवला आहे काय. तिघांनीं हात वर केला. म्हणून महोत्सव समितीपुढें आमची एक मागणी आहे. पुढच्या मे महिन्यांत निदान तीन दिवसांची छावणी भरवावी. पथकाची नोंदणी शाळेच्या द्वारें होते. त्यासाठीं एका शिक्षकानें प्राथमिक प्रशिक्षण घेतलें पाहिजे, आणि मुलींच्या पथकासाठीं एका शिक्षिकेनें. मुलें केवळ आपल्या धर्मग्रामाचीं नसावींत, सगळ्या गांवाचीं असावींत. चूल एकच असावी.

ज्या गुरुजींस किंवा बाईंस हें काम अंगावर घ्यावयाचें असेल त्यांनीं आज मिस्सा झाल्यावर आम्हांस मंडपाच्या डाव्या बाजूस भेटावें. सात काठ्या आणि एक लांब दोर आमच्याकडे अजून शाबूत आहे. तंबूंची सोय तेवढी पाहावी लागेल.