कौल एकदा, जबाबदारी कायमची



सोलापूरच्या या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. इथल्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात आहेत आणि त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरे सारख्याच ओढीने येतात. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे या शहराचे चार सुपुत्र स्वातंत्र्यलढ्यात एकाच दिवशी फासावर गेले. वेगवेगळ्या भाषा-धर्मांची माणसे इथे एकत्र राहिली आणि लढली, म्हणूनच आजचा विषय मांडायला मला याहून योग्य गाव सापडले नसते.

लोकांनी मतपेटीतून एकदा निर्णय दिला, तो थोड्या फरकाने लागला आणि समाज दुभंगला, तर पुन्हा कौल घ्यावा का? साहित्याच्या मांडवात हा प्रश्न कशाला, असे कोणी विचारील. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनानेच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला होता. राज्याची मागणी साहित्यिकांनी केली, तेव्हा राज्याच्या सीमांविषयी बोलण्याची जबाबदारीही त्यांना टाळता येणार नाही.

आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. राज्ये निर्माण करण्याचा आणि त्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. तरीही गोव्यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेतला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश राहावा, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणासाठी फूल, वेगळ्या गोव्यासाठी दोन पाने. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, वेगळ्या गोव्याला १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

त्या आधीची आणि नंतरची पावले आपण नीट पाहायला हवीत. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाचा झेंडा घेऊन सत्तेवर आला होता. लोकांनी आम्हाला निवडून दिले, म्हणजे कौल मिळाला, असे त्या बाजूचे म्हणणे. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे असे की, हा प्रश्न लोकांना वेगळा विचारा. तो विचारला आणि उत्तर उलटे आले. कौलाआधी राजीनामा दिलेले बांदोडकर त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत पुन्हा जिंकून मुख्यमंत्री झाले. ज्या मतदारांनी त्यांचा मुख्य आग्रह नाकारला, त्यांनीच त्यांच्या हाती राज्य दिले. कसेल त्याची जमीन, बहुजनांच्या मुलांची शाळा यासाठी माणसे बांदोडकरांच्या मागे होती. गोव्याचे वेगळेपण मात्र त्यांना सोडायचे नव्हते. निवडणुकीत दहा गोष्टी एकत्र तोलल्या जातात. जन्मभर बांधून ठेवणारा प्रश्न तिच्यात मिसळला, तर लोकांचे खरे मत कधीच कळत नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मोलाची आहे. विलीनीकरणाविरुद्धची सर्वांत धारदार लेखणी 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकाची होती. त्यातले उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर मराठीतच होते. इकडे आचार्य अत्र्यांसारखे दिग्गज विलीनीकरणाच्या बाजूने झुंजत होते. मराठीवर प्रेम करणारी माणसे दोन्ही बाजूंना होती. महाराष्ट्राबाहेर राहायचे ठरवणारा माणूस मराठीचा वैरी असतो, हा आपल्यातला गैरसमज गोव्याने तेव्हाच खोडून काढला.

मग गोव्यात दुसरा कौल घ्यायला हवा होता का? माझे उत्तर स्पष्ट आहे: नाही. फरक फार मोठा नव्हता आणि हरलेल्यांचे दुःख खरे होते. पण प्रश्न पुरता विचारला गेला होता. कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे मतदानाआधी कायद्याने ठरलेले होते आणि निकालानंतर कोणी तो अर्थ बदलला नाही. मनासारखे उत्तर येईपर्यंत विचारत राहणे म्हणजे लोकांना विचारणे नव्हे, त्यांना दमवणे होय.

ब्रिटनचे उदाहरण याच कसोटीवर घासून पाहू. २३ जून २०१६ रोजी तिथे सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय झाला. पण सोडायचे म्हणजे काय, व्यापाराचे काय, आयर्लंडच्या सीमेचे काय, हे मतपत्रिकेवर नव्हते. ते करारात उतरल्यावर लोकांपुढे दुसरा, नवा प्रश्न उभा राहिला होता. तो विचारायला हवा होता, असे माझे मत आहे. डेन्मार्कने जून १९९२ मध्ये युरोपीय संघाचा मास्ट्रिख्ट करार नाकारला, सवलती मिळवल्या आणि मे १९९३ मध्ये बदललेल्या अटींवर तो स्वीकारला. तिथे दुसऱ्यांदा विचारणे न्याय्य होते, कारण अटी बदलल्या होत्या. प्रश्न बदलला तर कौल पुन्हा घ्यावा. फक्त निकाल आवडला नाही म्हणून घेऊ नये.

कौलानंतरची जबाबदारी जिंकणाऱ्यांची असते. गोव्यातही सारे सुरळीत झाले नाही. १९८६ च्या अखेरीस कोकणी-मराठीच्या राजभाषावादावरून तिथे रक्त सांडले. पण १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले, तेव्हा सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. मराठी शाळा, दैनिके, नाटके, कीर्तने चालू राहिली. हरलेल्या बाजूला घर सोडल्यासारखे वाटले नाही, म्हणून जुना निकाल टिकला. दुसरा कौल मागण्याची वेळ येते की नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या कौलात जिंकलेल्यांच्या वागण्यावर ठरते.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या सीमाप्रश्नाकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेले. तिथल्या माणसांना गोव्यासारखे एकदाही विचारले गेले नाही. म्हणून सीमाभागाची मागणी दुसऱ्या कौलाची नाही, पहिल्याच कौलाची आहे, आणि ती न्याय्य आहे. सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार वर्षानुवर्षे कर्नाटकच्या विधानसभेत निवडून गेले; २०१८ आणि २०२३ मध्ये एकही गेला नाही. या दोन्हींतून कोणी अंतिम निष्कर्ष काढू नये. निवडणूक म्हणजे कौल नव्हे, हे गोव्याने शिकवले आहे.

मात्र जो न्याय आपण बेळगावसाठी मागतो, तोच सोलापूर जिल्ह्यात द्यायची आपली तयारी हवी. सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेला महाजन आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहातून आला होता. त्याने १९६७ मध्ये अहवाल दिला आणि आपण तो नाकारला. नाकारण्याची कारणे सबळ होती. गावागणिक कसोटी त्याने सारखी लावली नाही. पण त्याच अहवालात अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातील जत भागातील गावे कर्नाटकाला देण्याची शिफारस होती, हे आपण फारसे बोलत नाही. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी या भागावर हक्क सांगितला, तेव्हा आपल्याला संताप आला. तो स्वाभाविक होता. पण जतच्या काही गावांनी पाण्यासाठी पलीकडे जाण्याची भाषा याआधीच केली होती. त्या गावांचे समाधान घोषणांनी होणार नाही, पाण्याने होईल.

सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायालय आपले काम करील. आपण आपले करू. दर संमेलनात सीमाभागाचा ठराव होतो, टाळ्या पडतात आणि मांडव उतरतो. यंदा त्या ठरावाला एक कलम जोडावे, असा माझा आग्रह आहे: महाराष्ट्राच्या हद्दीतील कन्नड शाळांना कन्नड जाणणारे शिक्षक, पुस्तके आणि इमारती वेळेवर मिळाव्यात. बेळगावातील मराठी मुलासाठी जे मागायचे, ते अक्कलकोटच्या कन्नड मुलाला आधी द्यायचे. तेव्हाच आपल्या मागणीला नैतिक बळ येईल.

लेखक मित्रांनो, कौलाच्या काळात लेखणी फार लवकर तलवार होते. विरुद्ध मत देणाऱ्याला गद्दार म्हणणारे एक वाक्यही आपल्या हातून लिहिले जाऊ नये. प्रश्न स्पष्ट विचारला जावा यासाठी भांडा, उत्तर आल्यावर ते माना, आणि आपली बाजू जिंकली तर हरलेल्याच्या दारात आधी आपण जा. गोव्याने १९६७ मध्ये दिलेला निर्णय महाराष्ट्राने मनापासून स्वीकारावा आणि बेळगावच्या माणसाला एकदा तरी विचारले जावे, या दोन्ही मागण्या एकाच तत्त्वातून येतात. ते तत्त्व सोलापूरच्या या मांडवातून ठरावाच्या रूपाने बाहेर जावे, अशी मी आपणा सर्वांना विनंती करतो.