दाताखाली खडा

(बेगडेवाडी येथे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



विज्ञान दिनाला मोठमोठ्या शोधांवर बोलण्याची प्रथा आहे. मी आज एका खड्यावर बोलणार आहे, आणि तोही हरभऱ्याएवढा. जेवताना भातातला खडा दाताखाली आला म्हणजे काय होते, हे आपणा मावळातल्या मंडळींना सांगावयास नको. यंत्रालाही दात असतात, आणि खड्याने यंत्राचे दातही तुटतात.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने एक मोटार शाळेत आणली. हा मुलगा शाळा सुटल्यावर वडिलांच्या गॅरेजमध्ये काम करतो. मोटार खऱ्या मोटारीच्या एक-पंचमांश मापाची, रेडिओच्या लहरींवर दुरून चालविली जाणारी होती. एका गिऱ्हाइकाने ती दुरुस्तीला दिली होती. तिला खेळणे म्हणणे जरा धाडसाचेच आहे. लांबी सुमारे पाऊण मीटर, वजन दहा किलोच्या वर, आणि पोटात पेट्रोलवर चालणारे खरे इंजिन. जुन्या मोपेडचे इंजिन 50 सीसीचे असे. अशा मोटारींचे साधारण 23 ते 30 सीसीचे असते. वेग तासाला 60 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच ती माणसांच्या गर्दीत चालवावयाची नसते आणि इंजिन चालू असताना गिअरजवळ बोट न्यावयाचे नसते.

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत कशी पोचते ते पाहा. इंजिनाला क्लच, क्लचला एक लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, आणि त्याला भिडलेले एक मोठे दातेरी चाक. समजा, लहान चाकाला 17 दाते आहेत आणि मोठ्याला 57. म्हणजे लहान चाक सुमारे सव्वातीन वेळा फिरते तेव्हा मोठे एकदा फिरते. वेग कमी होतो, पण जोर वाढतो. या दोन चाकांच्या दात्यांमध्ये कागदाच्या जाडीएवढीच मोकळीक असते. आता मैदानावरचा खडा टायरने उडविला आणि तो नेमका या फटीत शिरला, तर तो पुढे जाणार कोठे? दाता तुटेल, नाही तर दांडा वाकेल, नाही तर इंजिन आपल्या जागेवरून सरकेल.

त्या मोटारीचे मोठे दातेरी चाक प्लॅस्टिकचे होते आणि खड्याने ते सोलले गेले होते. आम्ही नवे मागविले. ते बसविताना मी मुलाला सांगितले, "चारी बाजूंनी पत्रा लावून सगळे बंद करून टाक." मुलगा म्हणाला, "सर, खालून थोडी वाट ठेवू या का? सायकलच्या चेनकव्हरात चिखल साचतो, तसा खडा आतच राहील." मी बी.ए. बी.एड. झालेला शिक्षक, मी म्हणालो, "वाट ठेवलीस तर तिथूनच खडा येईल." तो गप्प बसला.

मैदानावर मोटार दहा मिनिटे चालली आणि कट्ट असा आवाज झाला. दांड्यासाठी ठेवलेल्या फटीतून खडा आत गेला होता आणि बाहेर पडावयास त्याला वाट नव्हती. पुन्हा पुन्हा दात्यांवर आपटून शेवटी तो त्यांच्यात अडकला. परदेशी बनावटीच्या त्या सुट्या भागाची किंमत त्याच्या वडिलांच्या जवळजवळ आठवड्याच्या कमाईएवढी होती. गिऱ्हाइकाला त्यांनी ती मागितली नाही. मी भरपाई देऊ केली, तेव्हा त्यांनी निम्मीच घेतली आणि म्हणाले, "सर, पोराच्या हातूनच काही चुकले असेल." चूक पोराची नव्हती, सल्ला माझा होता. हे मी त्यांना त्याच वेळी सांगितले, आज आपणा सर्वांसमोर पुन्हा सांगतो.

तिसऱ्या वेळी काम मुलाच्या मताने झाले. चाकांच्या मागे रबराचे पडदे लावले, म्हणजे खडा मुळातच कमी उडावा. तळाची उघडी जागा पत्र्याने झाकली. दातेरी चाकांवर झाकण बसविले आणि दांड्याभोवतीची फट स्पंजाने भरली. मात्र झाकणाच्या तळाशी, मागच्या बाजूस एक भोक ठेवले आणि त्यावर लोंबती रबरी पट्टी लावली. टायरचा खडा त्यातून सरळ आत येत नाही, पण चुकून आत आलेला खडा चाक फिरताना बाहेर फेकला जातो. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या वाऱ्याची वाट त्याने कोठेही अडविली नाही.

उघड्या दात्यांना ग्रीस फासण्याचा माझा बेतही त्याने मोडला. ग्रीसला वाळू चिकटली की तिचा व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टसारखा लेप होतो आणि तो दातेच खातो. ग्रीस पूर्ण बंद पेटीत असावे. "मग पोलादी चाकच बसवू," असे मी म्हणालो. त्याचे उत्तर असे, "पोलाद तुटणार नाही, पण तो झटका पुढे जाऊन क्लच किंवा दांडा तोडील. स्वस्त वस्तू तुटलेली बरी." दात्यांमधील मोकळीक त्याने कागदाची पट्टी घालून जमविली, आणि दर खेपेनंतर ब्रशने सगळे साफ करण्याचा नियम केला. ती मोटार पुढे पूर्ण हंगाम चालली.

हा प्रश्न केवळ हौशी मोटारींचा नाही. पुणे-लोणावळा लोकल 1978 साली सुरू झाली. आपण बेगडेवाडी स्टेशनवर रोज जिची वाट पाहतो त्या लोकलच्या मोटारडब्याखालीही हीच जोडी आहे. विजेच्या मोटरच्या दांड्यावर लहान दातेरी चाक, आणि डब्याच्या आसावर मोठे. त्यांच्या खाली सुमारे 50 मिलिमीटरची काळी खडी पसरलेली. म्हणून ती चाके लोखंडी पेटीत बंद असतात आणि त्या पेटीत वंगण भरलेले असते. पेटी फुटली तर वंगण गळते आणि दाते कोरडे पडतात. म्हणून पेटीची तपासणी हेही रेल्वेच्या कारागिरांचे नित्याचे काम आहे. विद्यार्थी मित्रहो, हे ऐकून रुळांजवळ जाऊन वाकून पाहू नका. फलाटावरून जेवढे दिसेल तेवढे पुरे.

पालकांना माझी एक विनंती आहे. मूल गॅरेजमध्ये हात काळे करते म्हणून त्याचा अभ्यास बुडाला, असे समजू नका. त्याला दहावीपर्यंत नेटाने शिकवा. मग आयटीआय किंवा पदविकेचा मार्ग त्याच्यापुढे उघडा आहे. मात्र गॅरेजच्या कमाईसाठी त्याची शाळा सोडवू नका. आणि सहकारी शिक्षकांना, त्यांत मी स्वतःही आलो, एवढेच सांगणे की वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा "सर, खालून वाट ठेवू या का?" असे विचारील, तेव्हा उत्तर देण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहावे.