पाऊलखुणांचा उपासक : एडवर्ड हिचकॉक

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



पदचिन्हांचे महत्त्व भारतीय मनाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गयेला विष्णुपद आहे, पंढरपुरी चंद्रभागेच्या पात्रातही विष्णुपद आहे, आणि गावोगावी संतांच्या पादुका आहेत. चालणारा पुढे निघून जातो, पाऊल मागे राहते आणि त्या पावलावरून आपण चालणाऱ्याचे स्मरण करतो. आज ज्या गृहस्थांविषयी मी बोलणार आहे, त्यांनी आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे अशाच पावलांचा मागोवा घेण्यात घालवली. ती पावले खडकावर उमटलेली होती आणि ती उमटवणारा प्राणी तोवर जगात कोणीही पाहिलेला नव्हता.

या गृहस्थांचे नाव एडवर्ड हिचकॉक. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील डिअरफिल्ड या गावी १७९३ साली त्यांचा जन्म झाला. वडील टोप्या तयार करणारे कारागीर. घरची परिस्थिती बेताची. तरुण वयात त्यांना खगोलशास्त्राची ओढ होती. परंतु आजारपणात दृष्टी अधू झाली आणि महाविद्यालयीन शिक्षणाचे स्वप्न तेथेच संपले. तरीही ते खचले नाहीत. गावातील शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी सांभाळले, पुढे चर्चचे धर्मोपदेशक झाले आणि १८२५ मध्ये ॲमहर्स्ट महाविद्यालयात रसायनशास्त्र व निसर्गविज्ञान यांचे प्राध्यापक झाले. १८४५ ते १८५४ या काळात ते त्याच महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. १८६४ मध्ये त्यांचे निधन झाले. बाह्यतः पाहता एका सुस्थिर शिक्षकाचे हे चरित्र. त्याला वेगळे वळण मिळाले ते १८३५ मध्ये.

त्या वर्षी ग्रीनफिल्ड नावाच्या गावात पदपथासाठी दगडी फरश्या बसवण्याचे काम चालू होते. त्या कामावरील डेक्स्टर मार्श नावाच्या मजुराच्या लक्षात आले की, काही फरश्यांवर पक्ष्याच्या पायासारखे तीन बोटांचे ठसे आहेत. ही गोष्ट गावातील डॉक्टर जेम्स डीन यांच्या कानी गेली. डीन यांनी हिचकॉकना पत्र लिहिले. हिचकॉक यांचा प्रथम विश्वास बसला नाही. खडकात निसर्गतः अनेक चमत्कारिक आकार तयार होतात, त्यांतलाच हा एक असावा, असे त्यांना वाटले. मात्र त्यांनी पत्र बाजूला टाकले नाही. ते स्वतः गेले, फरश्या पाहिल्या, आणि मग कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील एकामागून एक खाणी पालथ्या घातल्या. १८३६ मध्ये त्यांनी सात प्रकारच्या ठशांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. ज्ञानाच्या एका नव्या शाखेचा पाया त्या लेखाने घातला.

वास्तविक असे ठसे त्या खोऱ्यात त्यापूर्वीही सापडले होते. १८०२ मध्ये साऊथ हॅडली येथे प्लिनी मूडी या शेतकऱ्याच्या मुलाला नांगरताना ठसे असलेली एक शिळा सापडली होती. घरच्यांनी ती दारात पायरी म्हणून बसवली. जलप्रलयानंतर नोआने नौकेतून सोडलेल्या डोमकावळ्याची ती पावले, अशी गंमतीची समजूत लोकांत रूढ झाली. ही शिळा पुढे हिचकॉक यांच्या संग्रहात आली. या समजुतीला आपण हसण्याचे कारण नाही. मनुष्य अपरिचित वस्तूचा अर्थ आपल्या परिचित कथेच्या आधारे लावतो. आपल्या देवघरातील शाळिग्रामाचेच पाहा. गंडकीच्या पात्रातील हा शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या प्राचीन सागरी जीवाचा जीवाश्म होय. आपल्या पूर्वजांनी त्यावरील चक्राकृतीत विष्णूचे सुदर्शन पाहिले. त्या श्रद्धेने शाळिग्राम शतकानुशतके जपला गेला, आणि हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता याची साक्षही त्याच्यासोबत जपली गेली. श्रद्धेने वस्तू जपावी आणि विज्ञानाने तिचा इतिहास वाचावा. यात विरोध मानण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

आता हे ठसे टिकतात कसे, ते थोडक्यात पाहू. सरोवराच्या काठी ओल्या गाळावरून प्राणी चालत जातो. गाळ फार पातळ असेल तर ठसा बुजतो, फार कोरडा असेल तर तो उमटतच नाही. ओलावा नेमका असावा लागतो. मग तो गाळ उन्हात वाळतो, पुढच्या पुरात त्यावर नवा थर बसतो, थरांवर थर साचतात आणि कोट्यवधी वर्षांच्या दाबाने त्यांचा खडक होतो. कनेक्टिकट खोऱ्यातील हे खडक सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. खाणीत शिळा फोडली की थर सुटे होतात. खालच्या थरावर खळगा असतो आणि वरच्या थराखाली त्याचा उठाव. काही शिळांवर तर त्या काळच्या पावसाच्या थेंबांच्या खुणाही आहेत. हाडे वाहून दुसरीकडे जाऊ शकतात. ठसा मात्र जेथे उमटला तेथलाच असतो. हाडे प्राण्याच्या मृत्यूनंतरची असतात. ठसा तो जिवंत असताना, चालत असतानाचा असतो. म्हणूनच दोन पावलांमधील अंतरावरून प्राण्याचा वेग काढता येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये त्याचे सूत्र मांडले. पावलाच्या लांबीच्या सुमारे चौपट कंबरेची उंची धरायची, ढांगेची लांबी मोजायची आणि त्यावरून गणित करायचे.

हिचकॉक यांच्याजवळ हे गणित नव्हते. त्यांच्याजवळ मोजपट्टी होती, चिकाटी होती आणि पत्नी ओरा व्हाइट यांची कुशल लेखणी होती. ओराबाई उत्तम चित्रकार होत्या. पतीच्या ग्रंथांतील चित्रे त्यांनी काढली, वर्गात शिकवण्यासाठी कापडावर मोठमोठे तक्ते रंगवले. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेला धर्म आणि भूशास्त्र यांवरील आपला ग्रंथ हिचकॉक यांनी पत्नीलाच अर्पण केला. संसार आणि ध्येय यांची अशी सांगड आपल्याकडे अनेक कार्यकर्त्यांच्या घरी आपण पाहतो. म्हणून तिचा आवर्जून उल्लेख केला. १८५५ मध्ये सॅम्युअल ॲपलटन या दात्याच्या देणगीतून त्यांच्या संग्रहासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली आणि १८५८ मध्ये त्यांचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. आज तो संग्रह ॲमहर्स्टच्या बेनेस्की संग्रहालयात पाहता येतो.

बंधू-भगिनींनो, आता या चरित्रातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट. हिचकॉक यांचा निष्कर्ष चुकीचा होता! तीन बोटांचे हे ठसे प्रचंड आकाराच्या प्राचीन पक्ष्यांचे आहेत, असे ते मानत. न्यूझीलंडमधील मोआ या महाकाय पक्ष्याची हाडे प्रकाशात आली, तेव्हा त्यांच्या मताला बळच मिळाले. 'डायनोसॉर' या गटाचे नावच मुळी रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये दिले, आणि काही डायनोसॉर दोन पायांवर चालत हे तर बऱ्याच नंतर कळले. हिचकॉक यांनी अभ्यासलेले बहुसंख्य ठसे डायनोसॉरचे होते. परंतु इतिहासाची गंमत अशी की, पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज आहेत, हे आज सर्वमान्य आहे. त्यांना पावलात पक्षी दिसला, तो अगदीच भ्रम नव्हता.

निष्कर्ष चुकला, मग काम का टिकले? पत्रकारितेत आम्हाला पहिला धडा दिला जातो तो असा, की काय पाहिले आणि त्यावरून काय वाटले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. हिचकॉक यांनी प्रत्येक ठशाची मापे, कोन, अंतर आणि जागा काटेकोरपणे नोंदवली. मत बदलले तरी नोंद बदलावी लागली नाही. आजही या शास्त्रात नाव ठशाला दिले जाते, प्राण्याला नव्हे. कारण प्राणी कोणता हे अनुमान आहे, ठसा हे प्रमाण आहे. आपल्याकडे मोठमोठे दावे करण्याचा उत्साह पुष्कळ असतो. सारे ज्ञान आपल्या ग्रंथांत आधीच होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अशा घोषणेने पूर्वजांचा गौरव होत नाही. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन निराळी प्रमाणे आहेत, हे आपल्या न्यायदर्शनाने शिकवले आहे. त्या शिकवणुकीचे आचरण हाच पूर्वजांचा खरा गौरव.

या चरित्राला एक काळी कडही आहे. श्रेय कोणाचे, यावरून डॉ. डीन आणि हिचकॉक यांच्यात पुढे जाहीर वाद झाला. प्रथम लक्ष वेधले ते मी, असे डीन म्हणत. शास्त्रीय अभ्यास माझा, असे हिचकॉक म्हणत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु ज्याच्या नजरेला ते ठसे फरशीवर पडले, तो डेक्स्टर मार्श या वादात मागेच राहिला. त्याने स्वतः हिंडून मोठा संग्रह जमवला होता. १८५३ मध्ये तो वारला आणि त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. कोणत्याही कार्यात पायाचे दगड दिसत नाहीत हे खरे; पण त्यांची आठवण ठेवणे हे शिखरावर पोहोचलेल्यांचे कर्तव्य असते.

आता आपल्या देशाकडे वळू. हिचकॉक यांनी १८४५ मध्ये एका ठशाला 'युब्रॉन्टीस' असे नाव दिले. त्याच प्रकारचा ठसा जानेवारी २०१४ मध्ये राजस्थानात, जैसलमेरजवळच्या थईयात गावी परदेशी अभ्यासकांना आढळला. भारताच्या दृष्टीने ही मोलाची ठेव. परंतु २०२१ मध्ये तो ठसा जागेवरून नाहीसा झाल्याच्या बातम्या आल्या. याउलट उदाहरण पाहा. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, रॉकी हिल येथे १९६६ मध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना एडवर्ड मॅकार्थी या बुलडोझरचालकाला असेच ठसे दिसले. त्याने यंत्र थांबवले आणि वर कळवले. शासनाने त्या जागेवरील बांधकाम सोडून दिले आणि तेथे उद्यान उभारले. आज शाळकरी मुले तेथे छताखाली जपलेली ती पावले पाहतात. दोन्ही ठिकाणी ठसे सारखेच. फरक पडला तो ते पाहणाऱ्या समाजात.

आपल्या महाराष्ट्रातही अशी ठेव आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनोसॉरची हाडे सापडतात आणि त्यांच्या विष्ठेचे जीवाश्मही. पावलाप्रमाणेच हीसुद्धा जिवंत प्राण्याची खूण. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष शोधले आणि २००५ मध्ये ते जगापुढे मांडले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते, ही तोवरची समजूत विदर्भातल्या एका खेड्यातील मातीने बदलून टाकली! आपल्या पाठ्यपुस्तकांतून किती मुलांना हे ठाऊक आहे?

राष्ट्र म्हणजे ही भूमी, तिच्यावरील समाज आणि त्यांची परंपरा, असे आपण मानतो. भूमीला माता म्हणायचे आणि तिच्या पोटातील स्मृती खडीच्या यंत्रात जाऊ द्यायच्या, हे मातृभक्तीत बसत नाही. म्हणून माझी तीन साधी निवेदने आहेत. सहलीला जाल तेव्हा जीवाश्म उचलून घरी आणू नका. जागेवरच त्याचे मोल असते. खाणीत, विहिरीच्या खोदाईत, शेतात काही वेगळे आढळले तर छायाचित्र घ्या आणि जवळच्या विद्यापीठाला अथवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. मध्य भारतासाठी त्यांचे मुख्यालय नागपुरातच आहे. आणि तिसरे, असे काही दाखवणारा मजूर, गुराखी किंवा शाळकरी मुलगा असेल, तर त्याचे नाव नोंदीत पहिले लिहा.

हिचकॉक यांना अधू डोळ्यांनी जे दिसले, ते आपल्याला धडधाकट डोळ्यांनी दिसावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

भारत माता की जय!