समुद्रातील तेलविहिरी आणि कामगाराचा ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क

(कामगार शिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘समुद्रातील तेलविहिरी आणि किनाऱ्याचे रक्षण’ असा विषय छापला आहे. तो वाचून काहींना वाटले असेल, की पेन्शन, महागाई भत्ता, रिकाम्या जागा हे सगळे सोडून सेक्रेटरी समुद्रात कुठे निघाले? आपल्यातले कोणी इटारसीला आहेत, कोणी हुबळीला, कोणी बिलासपूरला. पण विषय आपलाच आहे. तेलविहिरीचा अपघात होतो तेव्हा समुद्र काळा होतो, कोळ्याचे जाळे रिकामे येते. परंतु या सगळ्याची सुरुवात होते कामाच्या जागी. आणि कामाची जागा म्हटली की युनियन आलीच.

प्रथम आपल्या घरचे पाहू. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने तेथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. सरकारी क्षेत्रातल्या कामगारांनी आणि इंजिनियरांनी हे काम उभे केले, याचा आपल्याला अभिमान आहे. आजही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पाचातल्या चार भागांहून जास्त तेल बाहेरून येते. तेव्हा ‘उद्यापासून सगळ्या विहिरी बंद करा’ असे मी म्हणणार नाही. तेथे काम करणाऱ्यांची पोटे त्यावर आहेत. पण त्या तेलाची किंमत कोण मोजतो, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

१९९३ साली मुंबई हायहून उरणला तेल आणणारी पाइपलाइन फुटली आणि तेल समुद्रात पसरले. गोव्याच्या आणि कोकणच्या वाळूवर पावसाळ्यात काळे, चिकट गोळे येऊन पडतात, ते अनेकांनी पाहिले असतील. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी असे गोळे तपासले. काहींचे मूळ टँकर धुऊन समुद्रात सोडलेल्या तेलात निघाले, तर काही मुंबई हायच्या कच्च्या तेलाशी जुळले.

आता २७ जुलै २००५ ची गोष्ट. आदल्या दिवशी मुंबई पाण्याखाली गेली होती, म्हणून ही बातमी पुष्कळांच्या ध्यानातून गेली. एका जखमी स्वयंपाक्याला जहाजावरून प्लॅटफॉर्मवर न्यायचे होते. हवामान खराब, समुद्र खवळलेला, हेलिकॉप्टर नाही. ‘समुद्र सुरक्षा’ नावाचे ते जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला भिडले आणि समुद्राच्या तळातून वर येणाऱ्या गॅसच्या नळाला धडकले. गॅस सुटला, पेटला. सुमारे दोन तासांत सगळा प्लॅटफॉर्म जळून खाली गेला. २२ माणसे गेली. त्या नळांना संरक्षक कठडे होते, पण ते लहान बोटींची धडक सोसण्यापुरते.

त्यानंतर मे २०२१ चे तौक्ते चक्रीवादळ. वादळाची सूचना आधीच मिळाली होती. तरी ‘पापा-३०५’ हा बार्ज २६१ माणसे घेऊन तेलक्षेत्राजवळच राहिला. नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आपटला आणि १७ मे रोजी बुडाला. हा बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टगबोट मिळून ८६ जण मेले. त्यांतले बहुतेक ठेकेदाराचे कामगार होते. बार्जवरच्या वेल्डरला किंवा रिगरला ‘वादळ येते आहे, आम्हाला बंदरात न्या’ असे म्हणण्याची काय सोय होती? त्याचा कोणी प्रतिनिधी होता काय?

मित्रहो, आपल्या रेल्वेत गँगमनला रूळ तुटलेला दिसला तर तो लाल झेंडी घेऊन धावतो. समोरून राजधानी येवो की मालगाडी, ती थांबते. त्याचा ग्रेड कोणता, हे ड्रायव्हर विचारत नाही. हा अधिकार त्याला नियमाने दिलेला आहे. आता समुद्रात हा अधिकार नसला की काय होते, ते ऐका.

ब्रिटनच्या उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ नावाचा प्लॅटफॉर्म होता. ६ जुलै १९८८ रोजी तेथे एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. काम पुरे झाले नाही, पाळी बदलली. व्हॉल्व्ह काढल्याचा कागद रात्रपाळीच्या हाती आला नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी पहिला सुरू केला. गॅस सुटला आणि स्फोट झाला. १६७ माणसे मेली. आपला सिग्नल मेंटेनर पॉइंटला हात लावण्याआधी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो देतो, त्याची सही घेतो, काम झाल्यावर रिकनेक्शन देतो. टपालातले बांधव रजिस्टरची पिशवीसुद्धा सहीशिवाय पुढच्या हातात देत नसत. हा कागदी घोळ नाही, हे आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

याहून वाईट पुढेच आहे. पायपर अल्फा जळत असताना शेजारचे दोन प्लॅटफॉर्म त्याच नळांमध्ये तेल आणि गॅस पाठवत राहिले. आग दिसत होती. पण वरून हुकूम आल्याशिवाय उत्पादन बंद करण्याची तेथल्या माणसांची छाती झाली नाही. बंद केले तर तोट्याचा जाब कोण देणार? त्या भीतीने आगीला इंधन मिळत राहिले.

अमेरिकेत २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’चा स्फोट झाला. काम वेळापत्रकाच्या मागे होते, खर्च अंदाजाबाहेर गेला होता. विहीर नीट बंद झाली आहे की नाही याची चाचणी घेतली, तिचे आकडे संशय घेण्यासारखे होते, तरी चाचणी पास धरली. ११ कामगार जागीच गेले. मग ८७ दिवस विहीर वाहत राहिली आणि सुमारे ४९ लाख बॅरल तेल समुद्रात गेले. आखातातल्या अमेरिकेच्या सागरी क्षेत्राचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका वेळी मासेमारीला बंद करावा लागला. त्या अकरा जणांना वाचवणारा एक ‘थांबा’ त्या दिवशी पाळला गेला असता, तर किनाराही वाचला असता. कामगाराची सुरक्षा आणि समुद्राची सुरक्षा ही एकच मागणी आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

दुसरा मुद्दा तपासणीचा. आपली गाडी रुळावरून घसरली तर चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचा नोकर नसतो, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. १९४१ साली हे काम रेल्वे बोर्डाकडून काढून त्या वेळच्या टपाल व हवाई खात्याकडे दिले गेले. गाडी चालवणाऱ्यानेच स्वतःचा अपघात तपासू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. पायपर अल्फानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये हेच सांगितले आणि ब्रिटनने सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून घेतले. अमेरिकेतही २०१० नंतर तेलाचा महसूल गोळा करणारे आणि सुरक्षा पाहणारे खाते फोडून वेगळे केले. आपल्याकडे २००८ चे समुद्री सुरक्षा नियम आहेत, परंतु त्यांची अंमलबजावणी पाहणारे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाखालीच आहे. उत्पादन वाढवा म्हणणारे मंत्रालयही तेच.

तिसरा मुद्दा किनाऱ्यावरच्या माणसांचा. २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिमोर समुद्रात ‘माँटारा’ ही विहीर फुटली आणि ७४ दिवस वाहिली. पलीकडच्या इंडोनेशियात समुद्रशैवालाची शेती करणारे गरीब लोक बुडाले. पंधरा हजारांवर शेतकऱ्यांचा दावा कोर्टात चालला. २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि भरपाईची तडजोड होता होता २०२२ उजाडले. तेरा वर्षे! आपल्या पालघर-सातपाटीच्या कोळी बांधवांचेही गाऱ्हाणे आहे, की तेलासाठी समुद्राचे सर्वेक्षण चालते तेव्हा ऐन हंगामात जाळी उचला म्हणतात आणि भरपाईसाठी मात्र त्यांनाच खेटे घालावे लागतात. कंपनीचे लोक त्यांना सांगतात, की तुम्ही विकासाच्या आड येता. तेल कामगाराला सांगतात, की कोळ्यांमुळे तुमची नोकरी जाईल. ही भांडणे लावण्याची पद्धत आपण रेल्वेत कायम आणि ठेक्याचे कामगार यांच्यामध्ये पुरेपूर पाहिली आहे. त्या सापळ्यात पडायचे नाही.

म्हणून आपल्या शाखांनी पुढील मागण्यांचे ठराव करून फेडरेशनकडे पाठवावेत, अशी माझी सूचना आहे.

(१) प्रत्येक प्लॅटफॉर्म, रिग आणि बार्जवर कामगारांनी निवडलेले सुरक्षा प्रतिनिधी असावेत. त्यांत ठेक्याच्या कामगारांना मत आणि जागा हवी. ब्रिटनमध्ये हा हक्क १९८९ च्या नियमांनी मिळाला.

(२) धोका दिसल्यास काम थांबवणाऱ्या कामगारावर कारवाई करता येणार नाही, असे नियमात स्पष्ट लिहावे. वादळाची सूचना आली की माणसे आधी किनाऱ्यावर आणावीत.

(३) समुद्रातील तेलविहिरींची सुरक्षा तपासणी पेट्रोलियम मंत्रालयाच्या बाहेर, रेल्वे सुरक्षा आयुक्तांसारख्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावी.

(४) जेथे मासे अंडी घालतात, जेथे प्रवाळ आणि खारफुटी आहे, तेथे नवीन विहिरी खणू नयेत. इतरत्रही मच्छीमार संस्थांशी आधी बोलणी झाल्याशिवाय काम सुरू होऊ नये.

(५) जुन्या पाइपलाइन वेळेवर बदलाव्यात आणि काम संपलेल्या विहिरी व प्लॅटफॉर्म यांची विल्हेवाट कंपनीच्या खर्चाने लावावी.

बंधू-भगिनींनो, तेल एक दिवस संपणार आहे. आपली गाडीही आता डिझेलवरून जवळजवळ सगळी विजेवर आली. समुद्र मात्र राहणार आहे आणि त्यावर जगणारी माणसेही राहणार आहेत. तोवर जे तेल काढायचे, ते कोणाचा जीव आणि कोणाचा किनारा न घेता काढले जावे, एवढीच आपली मागणी आहे. रुळावरच्या गँगमनला जो हक्क आहे, तो समुद्रातल्या वेल्डरला मिळवून देणे हे आपले कर्तव्य आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!