चमनगोट्याची गोष्ट



आज मी तुमच्याशी डोक्याबद्दल बोलणार आहे. डोक्याच्या आत काय असतं याबद्दल नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे वरच्या बाजूबद्दल, म्हणजे गोटा करण्याबद्दल. चमनगोटा हा आपल्या मराठीतला मोठा गमतीदार शब्द. चमन म्हणजे बाग. सगळी बाग उपटून टाकल्यावर खाली जो दगड उरतो तो चमनगोटा, असा अर्थ मी आपला माझ्यापुरता लावून घेतला आहे.

गोटा कुणाला चुकला आहे? हिंदू घरात बाळाचं जावळ काढतात. आमच्याकडे सातव्या दिवशी अकीका होतो, बाळाचे केस काढून त्यांच्या वजनाइतकी चांदी दान करतात. तिरुपतीला माणसं नवसाचे केस वाहतात. वडील गेले की मुलगा क्षौर करतो. हज आणि उमऱ्याला गेलेले पुरुष शेवटी डोकं भादरून घेतात. त्याला हलक म्हणतात. हे झाले श्रद्धेचे गोटे. याशिवाय एक गोटा नाइलाजाचा असतो. कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत पोचतं आणि बाजूला राहिलेले केस वर ओढून ओढून माणूस कंटाळतो. मी या शेवटच्या जातीतला.

पंचेचाळिशी उलटली तेव्हा एका रविवारी सकाळी मी ठरवलं, आता पुरे. न्हाणीघरात गेलो. डोकं ओलं करायचाही धीर धरला नाही. दाढीचं जुनं रेझर घेतलं, थोडा साबण चोपडला आणि कपाळापासून मागे सपासप ओढत सुटलो. हाताला जरा खरखर लागली की पुन्हा फिरवायचं, उलट्या बाजूनं फिरवायचं, अजून दाबायचं. अर्ध्या तासानं डोकं अगदी तुळतुळीत झालं. तीन ठिकाणी रक्त वाहत होतं, ते थांबेना. वर मी सुगंधी आफ्टरशेव्ह ओतलं. त्या वेळी मी जे ओरडलो ते कुठल्याच वृत्तात बसणारं नव्हतं! तिसऱ्या दिवशी मानेच्या वरच्या भागात लाल पुटकुळ्या उठल्या. उशीवर डोकं टेकवता येईना.

तसाच टोपी घालून आमच्या आळीतल्या न्हाव्याकडे गेलो. त्यांना सगळे अण्णाच म्हणत. त्यांच्या वडिलांनी धोकटी काखेत मारून घरोघर हजामती केल्या होत्या. अण्णांनी टोपी काढली, डोकं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कुणाशी भांडण झालं का हो, कवीसाहेब?"

पुटकुळ्या बसेपर्यंत दोन आठवडे त्यांनी डोक्याला वस्तरा लावू दिला नाही. मग शिकवलं. ते जसं शिकलो तसं सांगतो.

डोकं म्हणजे गाल नव्हे. गालाखाली मांसाची गादी असते. डोक्याच्या कातडीखाली लगेच हाड. शिवाय कवटी सपाट नसते, तिला उंचवटे असतात, खळगे असतात. या कातडीत रक्तवाहिन्या दाट, म्हणून छोट्याशा कापातूनही रक्त भळाभळा येतं. घाबरायचं नाही. स्वच्छ कापड घेऊन पाच-दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. मधेमधे उचलून बघत राहिलं तर रक्त थांबत नाही.

केस लांब असतील तर आधी मशीननं बारीक करून घ्यायचे. लांब केसांवर पातं अडकतं आणि कातडी ओढली जाते. मग कोमट पाण्यानं डोकं धुवायचं, नाहीतर सरळ आंघोळ उरकूनच बसायचं. केस पाणी पितो आणि मऊ पडतो. कोरडा केस तारेसारखा ताठ असतो. त्यावर साबणाचा किंवा क्रीमचा दाट फेस लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं. अण्णा या वेळात चहा मागवत. मला वाटे, चहासाठी थांबतात. नंतर कळलं, थांबण्यासाठी चहा मागवत होते.

आता केसांची दिशा. डोळ्यांनी ती कळत नाही, बोटांनी कळते. डोक्यावर हात फिरवा. ज्या बाजूनं गुळगुळीत लागतं ती सुलटी, जिकडून खरखरतं ती उलटी. भोवऱ्यापाशी दिशा गोल फिरते आणि मानेवर भलतीकडेच जाते. पातं नवं हवं. सुलटा हात, छोटे छोटे फटकारे, आणि दाब जवळजवळ नाहीच. पात्याच्या स्वतःच्या वजनानं केस कापला गेला पाहिजे. दोन-तीन फटकाऱ्यांनंतर पातं पाण्यात खळबळवायचं. कानामागे आणि मानेच्या घडीपाशी दुसऱ्या हातानं कातडी हलकेच ताणायची.

आणि मग थांबायचं. इथंच सगळे चुकतात. थोडी खरखर राहिली की माणूस उलटा हात मारतो. त्यानं केस कातडीच्याही खाली कापला जातो. तो वाढताना, विशेषतः कुरळा असेल तर, बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो आणि तिथं पुटकुळी उठते. अण्णा म्हणत, "वस्तरा चालवायला वर्षात येतं. थांबवायला दहा वर्षं लागतात." खरखर अगदीच सहन होत नसेल तर पुन्हा फेस लावून एकदा आडवा हात मारावा. उलटा शक्यतो नकोच.

शेवटी गार पाणी. पंचानं टिपायचं, घासायचं नाही. वास नसलेलं साधं मलम किंवा खोबरेल तेलाचा पुसटसा हात पुरे. नव्या गोट्याला ऊन फार लागतं, तेव्हा आठवडाभर तरी टोपी घाला. अंगावर फोड, नायटा किंवा पुरळ असेल त्या जागी पातं लावू नका. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि तान्ह्या बाळाची टाळू दीड वर्षापर्यंत भरत असते. तिथं घरचे प्रयोग नकोत, सरावलेलाच हात हवा. जाता जाता एक गैरसमजही दूर करतो. गोटा केल्यानं केस दाट येत नाहीत. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून ते जाड भासतं इतकंच.

एक गोष्ट मात्र भिडेखातर सोडू नका. सलूनमध्ये बसलात तर नवं पातं डोळ्यांदेखत लावून घ्या. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे आजार दूषित रक्तातून पसरतात. त्यातला कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर सात दिवससुद्धा तग धरू शकतो. पुसलेलं पातं स्वच्छ दिसतं, पण स्वच्छ असतंच असं नाही. तुरटीचंही तेच. दहा गालांवरून फिरलेला खडा अकराव्या गालाला लावू नये. मिनाच्या गर्दीत एकाच दिवसात लाखो हाजी डोकं भादरतात. तिथं परवानाधारक न्हाव्याकडेच जा आणि दुसऱ्याचं पातं वापरू नका असं यात्रेकरूंना बजावलं जातं, ते उगाच नाही.

तर श्रोतेहो, इतकं शिकल्यावर मी स्वतःला या कलेतला उस्ताद समजू लागलो होतो. मग माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या आपाला, कर्करोग निघाला. केमोथेरपी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. आपाची वेणी कमरेपर्यंत होती. चार दिवस तिनं खोलीचं दार लावून घेतलं. पाचव्या दिवशी मला बोलावून म्हणाली, "रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा एकदाच काढून टाक. तुझं डोकं एवढं छान करतोस, माझंही कर."

बाईचं डोकं भादरायचं म्हटल्यावर माझा हात अडखळला. आपल्या महाराष्ट्रात त्याची आठवण चांगली नाही. नवरा गेला म्हणून कोवळ्या मुलींना वस्तऱ्यापुढं बसवलं जायचं. ते थांबवायला पुढं कोण आलं? ज्यांच्या हातात वस्तरा होता तेच. 1890 साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. पोटाचा धंदा होता, तरी हात थांबवला. अण्णा ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगत. पण इथं आपा स्वतः सांगत होती. मागणारं डोकं तिचं होतं. फरक तेवढाच, आणि तोच सगळा.

मी नवं पातं काढलं, फेसाची वाटी घेतली. तेवढ्यात तिला तपासायला घरी येणाऱ्या परिचारिकेनं ते पाहिलं आणि मला दारातच अडवलं. म्हणाली, "काका, पातं अजिबात नको." केमोथेरपीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी होऊ शकतात. अशा वेळी एवढासा काप पडला तरी त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. पातं सोडून विजेचं मशीन घ्या, तेही स्वच्छ पुसून आणि टोकाला पट्टी लावून, असं तिनं सांगितलं.

मी मशीननं आपाचे केस काढले. डोक्यावर बारीक खुंट राहिले. माझ्या हातून इतका अपुरा गोटा कधी झाला नव्हता. आपानं डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "खरखरीत आहे रे."

"असू दे," मी म्हणालो. अण्णांची दहा वर्षं माझी त्या दिवशी पुरी झाली.

मऊ सुती रुमाल बांधून ती बाहेर आली आणि चार दिवसांनी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर जेवायला बसली. उपचार संपून आता बरेच महिने झाले. तिच्या डोक्यावर दोन बोटं केस आले आहेत. आधी सरळ होते, आता जरा कुरळे येताहेत. परवा माझ्या गोट्याकडे बघून म्हणाली, "माझे आले, तुझे काही येत नाहीत!"

खरं आहे. माझे येणार नाहीत. दर रविवारी मी कोमट पाणी घेतो, फेस लावतो आणि चहा मागवतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)